ठोकळ्यांच्या गावातली गाडीवाट

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

आज अखेर लॅब सुरू झाली. दहापैकी सात संगणक लागले. गावातल्या एका माजी विद्यार्थ्याने सुरतेहून त्याच्या कंपनीतले जुने संगणक पाठवले होते, ते दोन वर्षं खोक्यात पडून होते. आमचे मुख्याध्यापक प्रेमचंद सर म्हणाले, "भूपेंद्र, भूगोल शिकवता शिकवता हे खूळ कुठून आणलंस?" पण चावी दिली.

खूळ असं: सातवीच्या मुलांनी संगणकावर आपलं गाव बांधायचं, ठोकळ्यावर ठोकळा रचून. मुलं याला माइनक्राफ्ट म्हणतात. हा तसलाच, फुकट मिळणारा खेळ आहे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. सगळे संगणक वायरीने जोडले की सगळी मुलं एकाच जगात शिरतात, तिथे चालतात, खणतात, भिंती उभ्या करतात. दिशा, प्रमाण, चढ-उतार मी सोळा वर्षं फळ्यावर काढत आलो आणि पोरं जांभया देत आली. आज तास संपल्याची घंटा झाली तरी एक जण उठला नाही.

ही वही वेगळी. शाळेसाठी उपक्रमाची नोंदवही ठेवायची आहेच, तिच्यात चांगलं तेवढं जाईल. इथे जसं होईल तसं लिहीन. बायकोला, रुचिकाला, सांगितलं तर म्हणाली, "बघू किती दिवस टिकते." वहीबद्दल म्हणाली की लॅबबद्दल, कळलं नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

मुलांनी आधी शाळा बांधली, मग बसस्टँड, मग जो तो आपापलं घर बांधायला पळाला. मयूरीने तिच्या घराला तीन मजले चढवले. आहे एकच. मी म्हटलं, "खरं असेल तेच ठेवायचं." तिने दोन मजले पाडले आणि दिवसभर गाल फुगवून बसली.

सगळ्यांत पुढे आहे ती अस्मा. बसस्टँडवरच्या सत्तारभाई वेल्डरची मुलगी. तिच्या घरी ना संगणक, ना धड फोन. वडिलांचा लोखंडी टेप घेऊन ती गल्लीच्या गल्ली मोजून येते आणि वहीत आकडे घेऊन बसते. मी तिला विचारलं, "एवढं मोजायची काय गरज? अंदाजे लाव." ती म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणालात खरं असेल तेच."

कोणी काय केलं यावरून भांडणं होऊ लागली म्हणून मी खेळातली नोंद चालू केली. आता कोणता ठोकळा कोणाच्या नावाने, किती वाजता लागला किंवा निघाला, सगळं लिहिलं जातं. दर शुक्रवारी सगळ्या गावाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतो. प्रेमचंद सरांना दाखवलं, ते खूश झाले.

बुधवार, १० सप्टेंबर

आज भिंतीवर गाव नकाशा लावला. सरकारी, जुना, गट क्रमांकांसकट. मुलांचे चार गट केले: उत्तरेला गोमाई नदी, पूर्वेला शहाद्याचा रस्ता, दक्षिणेला वस्ती, पश्चिमेला शिवार. अस्मा आणि मयूरी पश्चिमेला. आमचं वावरही तिकडेच आहे, पपईचं. मुली विचारत होत्या, पपई कशी दाखवायची. हिरव्या खांबावर पिवळा ठोकळा ठेवायचं ठरलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

अस्माने विचारलं, "सर, नकाशात ही दुहेरी तुटक रेघ कशाची?"

मी सांगितलं, गाडीवाटेची. एकेरी तुटक असेल तर पायवाट, दुहेरी असेल तर बैलगाडी जाईल एवढी वाट.

"मग ही वाट कुठे आहे? आम्ही काल जाऊन आलो. तिथे तारेचं कुंपण आहे."

मी म्हटलं, नकाशा जुना आहे, जमिनीवर बदल होत असतात. असं उत्तर मुलांना द्यायचं नसतं हे मला कळतं. तास संपत आला होता.

शनिवार, २० सप्टेंबर

अस्मा आजीला विचारून आली. तिची दादी, नजमुन्निसाबी, ऐंशीच्या पुढची. दादीने सांगितलं की ही वाट गावातून निघून थेट कब्रस्तानापर्यंत जायची. दादीचे सासरे, नवरा, एक तान्हं मूल, सगळे त्याच वाटेने नेले.

आणि मुलींनी आज वाट बांधून टाकली. पाच ठोकळे रुंद, दोनशे दहा लांब, मुरमाची. ती आमच्या पपईच्या बरोबर मधून जाते. मयूरी ओरडली, "सर, तुमच्या पपईतून रस्ता!" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. चांगला हसलो, मला वाटतं.

वाटेच्या टोकाला अस्माने कब्रस्तान मांडलं. दादीने सांगितलं तशा रांगा, चिंच, आणि ज्यांची नावं दादीला आठवतात त्यांच्या कबरींपाशी नावांच्या पाट्या. एकेचाळीस पाट्या. काम म्हणून फार सुंदर आहे, हे लिहिलंच पाहिजे.

रविवार, २१ सप्टेंबर

जेवताना आप्पांकडे सहज विषय काढला. आप्पा म्हणजे माझे वडील, भाईदास पाटील. गावात त्यांच्या शब्दाला मान आहे आणि आमच्या शाळेच्या संस्थेवर ते संचालक आहेत. ते जेवता जेवता अहिराणीत म्हणाले, "जुनी गोट कसाले उकरी काढस? तठून कोन्हीच जाये नही. पडेल जागा व्हती." आणि ताक मागितलं.

वाट कधी बुजली मला नीट आठवत नाही. मी तेव्हा शिकायला धुळ्याला होतो बहुतेक.

सोमवार, ६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर, सात नोव्हेंबरला तालुक्याचे अधिकारी आमचं गाव पाहायला येणार. संस्थेचे सगळे संचालक, सरपंच, पालक, सगळ्यांसमोर भिंतीएवढ्या पडद्यावर गाव दाखवायचं. प्रेमचंद सरांनी स्टाफरूममध्ये माझ्या पाठीवर थाप मारली.

घरी आप्पांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तठे मन्हं वावर दिखस का?"

मी म्हटलं, दिसतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

शाळेला आजपासून सुट्टी लागली. मुलं साडेचारला गेली.

मी मागे थांबून थोडी साफसफाई केली. पाहुण्यांसमोर वादाचा विषय नको, उपक्रम बदनाम व्हायला नको, एवढाच हेतू. वाट काढली. एकेक ठोकळा काढायचा तर दोन दिवस गेले असते. त्याऐवजी दोन कोपऱ्यांचे आकडे दिले की मधलं सगळं आपोआप भरून निघतं. मी पपई भरली. आकडा टाकताना चूक झाली. ऐंशीच्या जागी एकशे ऐंशी पडले. वाटेबरोबर कब्रस्तानही गेलं. चिंच, पाट्या, सगळं. तिथेही पपईच.

मी चार नंबरच्या संगणकावर बसलो होतो. तिथे अस्माचं नाव चालू राहिलं होतं. बदलायचं राहून गेलं.

घरी आलो तर रुचिका चकल्या तळत होती. "चेहरा का असा?" म्हणाली. म्हटलं, डोकं दुखतंय.

बुधवार, २२ ऑक्टोबर

सासुरवाडीला, ब्राह्मणपुरीला जाऊन आलो. सगळे लॅबचं विचारत होते. मेहुण्याने फोनवर फोटो पाहिले आणि म्हणाला, "भूपेंद्रदादा, तुम्ही तं गाव गाजाडी दिधं."

शुक्रवारची प्रत पेन ड्राइव्हवर आहे. दहा ऑक्टोबरची, वाटेसकट, कब्रस्तानासकट. कपाटात, रुमालांच्या खाली ठेवली आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

शाळा उघडली. मधल्या सुट्टीत मयूरी धावत आली: "सर, कोणीतरी आमचं सगळं पाडलं!"

वर्ग लॅबमध्ये गोळा झाला. अस्मा पडद्याजवळ उभी होती. प्रेमचंद सर आले. "तुझी ती नोंद आहे ना, कोणी काय केलं त्याची? काढ," म्हणाले. त्यांच्यासमोर काढावी लागली. नोंदीत आलं: अस्मा, चौदा ऑक्टोबर, सायंकाळी पाच वीस.

माझं नाव येणार नाही हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. तसं लिहायला बसलो खरा, पण वही वेगळी ठेवली ती यासाठी नाही. लक्षात आलं होतं. सुट्टीत दुसऱ्याच दिवशी.

प्रेमचंद सरांनी अस्माला विचारलं, "का केलंस?"

"मी नाही केलं, सर. मी साडेचारला घरी गेले होते." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मीच मुलांना दारापर्यंत सोडलं होतं, हे तिला माहीत होतं.

सर मला म्हणाले, "जुनी प्रत नाही का?"

मी म्हटलं, "नाही. पेन ड्राइव्ह बिघडला."

मग मी मध्ये पडलो. म्हणालो, "जाऊ द्या सर, लहान आहे. रागात झालं असेल काहीतरी." त्यामुळे शिक्षा कमी झाली, फक्त लॅबमध्ये यायचं नाही, एवढीच. नाहीतर सर दाखल्यापर्यंत गेले असते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सत्तारभाई शाळेत आला. हात काळे होते, दुकानातून तसाच आला होता. माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"सर, पोरनी चूक करी. माफ करा. मी तिले मारं. आजलगून कधी हात लायेल नव्हता, पण मारं."

मी म्हटलं, "अहो मारायचं कशाला?"

"तुम्ही एवढं शिकाडतस, तुमनं काम तिनी मोडं." त्याने लॅबच्या दाराकडे पाहिलं. कडी सैल झाली होती. दुकानात गेला आणि अर्ध्या तासाने यंत्र घेऊन परत आला. कडी नवी बसवली, बिजागऱ्याही घट्ट केल्या. प्रेमचंद सर म्हणाले, "बघ, माणूस किती सज्जन."

मी वर्गावर गेलो. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या नद्या शिकवल्या. दोन नद्या चुकलो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. टाळ्या झाल्या. पडद्यावर नदी आली, शाळा आली, आमची पपई आली तेव्हा आप्पांनी शेजारच्या संचालकांना कोपराने ढोसून दाखवलं. मला शाल मिळाली.

अधिकारी मॅडमनी मयूरीला विचारलं, "म्हणजे आख्खं गाव इथे आहे?"

मयूरी म्हणाली, "हो मॅडम. अस्माचा भाग सोडून."

मॅडमना वाटलं, काम अपुरं आहे. "होईल, होईल पूर्ण," म्हणाल्या. माइक माझ्या हातात होता. मी आभार मानले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

शाल रुचिकाने घडी करून ठेवली. मी म्हटलं, कुणाला तरी देऊन टाक.

बुधवार, १९ नोव्हेंबर

चाचणी घेतली. एक प्रश्न होता: आपल्या गावाचा नकाशा काढा, दिशा व खुणा दाखवा. दहा गुण.

पेपर तपासत होतो. अस्माचा आला. उत्तर, पूर्व, दक्षिण काटेकोर, पट्टीने काढलेलं. पश्चिमेला कागद कोरा. त्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं होतं: "इथे काय आहे ते मला सांगता येत नाही."

गुण द्यायचे राहिले आहेत. गठ्ठा तसाच बांधून ठेवला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

अस्माची दादी काल संध्याकाळी गेली. आज सकाळी दहाला जनाजा. शाळेकडून मी गेलो. प्रेमचंद सर म्हणाले, "तुझ्या वर्गातली मुलगी आहे, तूच जा."

आता कब्रस्तानाला पाटाच्या कडेने फिरून आणि मग नाला ओलांडून जावं लागतं. पाटाला रब्बीचं पाणी सोडलेलं, त्याचा पाझर नाल्यात उतरलेला. मांडीभर पाणी, खाली गाळ. चाळीस-पन्नास माणसं होती. सगळ्यांनी पायजमे, लेंगे वर खोचले आणि खाट आणखी उंच धरली. पुढच्याचा पाय घसरला, खाट एका बाजूला कलली, तीन-चार जणांनी हात लावून सावरली.

मी काठावर उभा होतो. बूट घातले होते. सत्तारभाईच्या खांद्यावर खाट होती, तो पाण्यात शिरण्याआधी थांबला, वळला आणि मला म्हणाला, "सर, तुम्ही नका उतरू. तुमना वावरमाईन जा. तठे सुकं शे."

ते अगदी सरळ मनाने म्हणाला. टोमणा नव्हता, मला टोमणा ओळखू येतो.

आणि मी गेलो. फाटकाची चावी माझ्या खिशात होती. फाटक उघडून पपईच्या ओळींतून चालत गेलो, ठिबकच्या नळ्या ओलांडत. मधोमध आलो तेव्हा सुचलं की फाटक उघडून सगळ्यांनाच इकडून बोलवायला हवं होतं. खाट खांद्यावर घेऊन माणसं आरामात गेली असती. मागे पाहिलं तर ते नाल्याच्या पलीकडे चढत होते, ओले. मी त्यांच्या आधी पोहोचलो. कोरड्या बुटांनी त्यांची वाट पाहत उभा राहिलो.

मूठभर माती मीही टाकली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

धुळ्याला नव्हतो. धुळ्याला मी त्यानंतर गेलो. ती बारावीची सुट्टी होती, दोन हजार पाचचा मे महिना. नवा ट्रॅक्टर आला होता आणि आप्पांनी पहिल्यांदा मला एकट्याला दिला. दोन वर्षं ते वाटेच्या दोन्ही कडा थोड्या थोड्या नांगरत होते; उरली होती एका गाडीएवढी पट्टी. "ती बी फिराई दे," म्हणाले. मी फिरवली. माती पार दगडासारखी घट्ट होती, नांगर उड्या मारत होता. एक म्हातारी बाई गावाच्या टोकाला उभी राहून बघत होती. हिरवी साडी होती, डोक्यावर पदर. ती नजमुन्निसाबी होती की दुसरी कोणी, मला माहीत नाही. मी तिला हात केला होता. ट्रॅक्टर चालवतोय हे कोणीतरी बघतंय याचा मला आनंद झाला होता.

बुधवार, २६ नोव्हेंबर

रुचिकाला सगळं सांगितलं. वाट, चौदा ऑक्टोबर, नाव, पेन ड्राइव्ह. ती गहू निवडत होती. निवडायची थांबली नाही. तशीच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी काय त्या मुलीची आई आहे?"

मग म्हणाली, "आणि तुम्ही तिला वाचवलं म्हणून मला सांगत होतात. त्या दिवशी. मी तुम्हाला दोन पोळ्या जास्त वाढल्या होत्या."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

प्रेमचंद सरांच्या खोलीत गेलो. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "भूपेंद्र, आता सगळं निवळलंय. मुलगी शाळेत येतेय. तू हे उकरलंस तर तुझं, माझं, आप्पांचं, सगळ्यांचंच जाईल. लॅबमध्ये ये म्हणावं तिला, झालं." ते वाईट माणूस नाहीत. महिन्याभरापूर्वी मीही त्यांना हेच सांगितलं असतं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज सातवीच्या वर्गात सांगितलं.

हजेरी घेतली आणि उभाच राहिलो. म्हणालो, "अस्माने काही पाडलं नव्हतं. चौदा तारखेला तिच्या नावाने मी बसलो होतो. वाट मी काढली. कब्रस्तान माझ्या चुकीने गेलं, पण वाट मुद्दाम काढली, कारण ती माझ्या वडिलांच्या वावरातून जाते. सरांनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. प्रत होती, नाही म्हणालो." आणि पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

वाटलं होतं गलका होईल. पण मयूरीने फक्त हात वर केला. म्हणाली, "म्हणजे अस्मा लॅबमध्ये येऊ शकते?"

"हो."

"आज?"

"आज."

मी अस्माला म्हटलं, "मला माफ कर." ती उभी राहिली, कारण शिक्षक नाव घेऊन बोलले की उभं राहायचं असतं. खाली बघत म्हणाली, "माझ्या अब्बूंना सांगा, सर. त्यांना अजून वाटतं मीच केलं."

शनिवार, २९ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर सत्तारभाईच्या दुकानात गेलो. कोणाच्या तरी गेटचं काम चाललं होतं. मला पाहून त्याने यंत्र बंद केलं, स्टूल पुसून दिलं. मी बसलो नाही. सगळं सांगितलं, ट्रॅक्टरसकट.

तो ऐकत राहिला. हातातला हातमोजा काढला, पुन्हा घातला. वाटेबद्दल एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मी तिले मारं व्हतं."

"हो. माझ्यामुळे."

"ती म्हने, अब्बू मी नही करं. तीन दाव म्हनी. मी म्हनं, सर खोटं सांगतीन का?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही माफी मांगी लिधी. मी तिले काय मांगू?"

त्याने यंत्र चालू केलं. मी निघालो.

सोमवार, १ डिसेंबर

मुलांनी पेन ड्राइव्हवरून जुनं गाव परत आणलं. पाट्या जागेवर आल्या. अस्माने एक पाटी वाढवली, बेचाळिसावी. सगळी मुलं तिच्यामागे उभी होती. मी दारात होतो, आत गेलो नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सत्तारभाई आणि आणखी सहा जणांनी गाडीवाट मोकळी करण्यासाठी तहसीलला अर्ज दिला. मी सोबत लेखी जबाब दिला: वाट होती, मी स्वतः नांगरली, साल दोन हजार पाच. सही केली.

आप्पांना ते शहाद्यातच कोणीतरी सांगितलं. घरी आले ते थेट माझ्यापुढे. "ह्या घरमा राहीसन मन्हा इरुद्ध सही करस?"

मी म्हटलं, "विरुद्ध नाही आप्पा. जे झालं ते लिहिलं."

"कोन्हासाठे? त्या वेल्डरसाठे?"

"माझ्यासाठी," असं म्हणायला पाहिजे होतं, ते आता सुचतंय. तेव्हा मी पायांकडे बघत उभा होतो. एवढं करूनही बापापुढे नजर वर होत नाही. मी अडतीस वर्षांचा आहे.

रविवार, १४ डिसेंबर

आप्पांचं ताट आता आधी होतं, माझं नंतर. रुचिका दोनदा वाढते.

गुरुवार, ८ जानेवारी २०२६

मोजणी झाली. भूकरमापक, तलाठी, दोन्हीकडची माणसं. आप्पा आले नाहीत. यंत्र लावून खुणा टाकल्या, दगड रोवले. वाट पपईच्या अकरा ओळींतून जाते. तलाठ्याने मला विचारलं, "सर, झाडं काढायला तुमची हरकत?" जमीन माझ्या नावावर नाही, हरकत घ्यायचा हक्क आप्पांचा, आणि त्यांनी वकील लावला आहे. तेव्हा झाडं उभीच आहेत. निकाल कधी, कोणी सांगू शकत नाही. पण तार मात्र तहसीलदारांच्या आदेशाने दोन्ही टोकांना काढली आहे. माणूस चालत जाऊ शकतो. खाटही जाईल, जरा तिरकी धरली तर.

परत येताना सत्तारभाई समोरून आला. आधी दुरूनच "सलाम सर" म्हणायचा. आज मान हलवली. मी नमस्कार केला.

शनिवार, १७ जानेवारी

संस्थेचं पत्र आलं. सोमवारपासून खांडबाऱ्याच्या आश्रमशाळेत. कारण लिहिलं आहे, "शैक्षणिक सोय". प्रेमचंद सर पत्र देताना म्हणाले, "मी बोललो होतो रे." बोलले असतील. रुचिका वर्षभर इथेच राहील, आमच्या मुलीची शाळा आहे. मी स्टेशनजवळ खोली बघेन.

निरोप समारंभ नाही. मी नको म्हणायच्या आधी कोणी विचारलंही नाही.

सामान आवरायला लॅबमध्ये गेलो तर अस्मा आणि मयूरी होत्या. त्यांनी शेजारच्या गावाची शीव बांधायला घेतली आहे. त्या गावच्या शाळेशी बोलणं मयूरीने परस्पर केलं. मी म्हटलं, छान. दोघी काम करत राहिल्या.

मी निघालो तेव्हा अस्मा उठली. म्हणाली, "सर, मुख्य पासवर्ड द्या. तुम्ही गेल्यावर लागेल."

माझ्याशिवाय तो कोणाकडे नव्हता. त्याने कोणाच्याही नावाने आत जाता येतं. मी कागदावर लिहून दिला. तिने माझ्यासमोरच टाकून पाहिला. चालला.

"आता बदलते," ती म्हणाली. मग जरा थांबली. शिक्षकाला कसं सांगावं याचा तिला प्रश्न पडला असावा. "सर, तुम्ही तिकडे बघता का?"

मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. बाहेर मैदानात पाचवीची मुलं रांगेने पाणी प्यायला चालली होती. मागून कळांचा आवाज येत होता. बराच वेळ येत राहिला. लांबलचक ठेवला असेल. झालं असं तिने सांगेपर्यंत मी वळलो नाही.